बिघडणाऱ्या यंत्रांवर अचूक विज्ञान : दोषसहिष्णु समांतर संगणनाचा इतिहास

१/२६
१९७६ साली अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत पहिला क्रे-१ महासंगणक दाखल झाला. तो त्या काळातील सर्वांत वेगवान संगणकांपैकी एक होता. सहा महिन्यांच्या चाचणीकाळात त्याच्या स्मृतीत १५२ चुका नोंदल्या गेल्या. यंत्राची बांधणी उत्तम होती, हाताळणारे लोक तज्ज्ञ होते; तरीही साठवलेल्या शून्याचा एक आणि एकाचा शून्य होत होता. या चुका कोठून येत होत्या, आणि त्या होणारच हे गृहीत धरून शास्त्रज्ञांनी पुढे अब्जावधी अणूंची गणिते कशी तडीस नेली, याचा हा इतिहास.

२/२६
प्रथम एक साधा हिशेब. समजा, एक संगणक सरासरी पाच वर्षांतून एकदाच बंद पडतो. घरी वापरायला असे यंत्र उत्तमच. आता असे १,००० संगणक एकाच गणितासाठी जोडले, तर त्यांपैकी कोणता ना कोणता सुमारे दर ४४ तासांनी बंद पडेल. १०,००० जोडले तर दर साडेचार तासांनी, आणि १,००,००० जोडले तर साधारण दर २६ मिनिटांनी. एकेक सुटा भाग पूर्वीइतकाच विश्वासार्ह आहे. पण त्यांची संख्या वाढली की संपूर्ण यंत्राचा भरवसा उरत नाही.

३/२६
समांतर संगणनात मोठे गणित तुकड्यांत वाटले जाते. हवामानाचे प्रारूप असेल तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर जाळी आखून एकेक चौकट एकेका प्रोसेसरकडे दिली जाते. प्रत्येक प्रोसेसर आपल्या चौकटीतील वारा, तापमान व दाब काढतो आणि सीमेवरची मूल्ये शेजाऱ्यांना कळवतो. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. त्यामुळे एक प्रोसेसर गप्प झाला की शेजारी थांबतात, त्यांचे शेजारी थांबतात, आणि थोड्याच वेळात सारे यंत्र ताटकळत उभे राहते.

४/२६
चुकांशी झुंजण्याचा इतिहास मात्र समांतर संगणकांहून जुना आहे. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग रिलेवर चालणाऱ्या संगणकावर आपली गणिते शनिवार-रविवारी लावून जात. त्या दिवशी यंत्राजवळ कोणी नसे. चूक सापडली की यंत्र ते गणित सोडून देई आणि पुढचे हाती घेई. लागोपाठ दोन आठवड्यांचे काम असे वाया गेल्यावर हॅमिंग यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती नेमकी कोठे झाली हे का कळू नये?

५/२६
चूक ओळखण्याची तेव्हाची रीत सोपी होती. आकड्यांच्या ओळीतील एकांची संख्या सम राहील अशा बेताने शेवटी एक जादा अंक जोडायचा. वाचताना ती संख्या विषम आली, तर काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. याला पॅरिटी म्हणतात. हॅमिंग यांनी असे अनेक तपासअंक एकमेकांना छेदणाऱ्या गटांवर नेमले. कोणकोणत्या गटांत तक्रार आली हे पाहिले की बिघडलेला अंक नेमका हाती लागतो, आणि अंक शून्य किंवा एकच असल्याने तो उलटा केला की दुरुस्ती पूर्ण होते. हा शोध १९५० साली प्रसिद्ध झाला.

६/२६
त्याच काळात जॉन फॉन नॉयमन यांनी हाच प्रश्न अधिक मूलभूत पातळीवर मांडला. १९५२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दिलेल्या आणि १९५६ साली छापल्या गेलेल्या व्याख्यानांत त्यांनी दाखवले की, अविश्वासार्ह भागांपासूनही हवे तितके विश्वासार्ह यंत्र बांधता येते. त्यासाठी एकच काम अनेक भागांकडून करून घ्यायचे आणि बहुमताने उत्तर स्वीकारायचे. अट एवढीच की, प्रत्येक भागाची चूक करण्याची शक्यता एका मर्यादेच्या आत असावी. या उपायाची किंमतही त्यांच्या गणितातच दिसत होती : भाग कित्येक पटींनी वाढवावे लागतात.

७/२६
आता पुन्हा क्रे-१ कडे. त्याच्या पहिल्या यंत्रात पॅरिटीची तपासणी होती, पण चूक दुरुस्त करणारी मंडले नव्हती. वेग हे सर्वोच्च ध्येय होते आणि दुरुस्तीच्या मंडलांनी तो थोडा घटणार होता. लॉस अलामोसमधील १५२ चुकांनंतर निर्णय फिरला, आणि पुढील क्रे-१ यंत्रांत एक अंक बिघडल्यास तो दुरुस्त करणारी व दोन बिघडल्यास इशारा देणारी व्यवस्था आली. या जुन्या नोंदींचा अनेक वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांनी त्या चुकांचा संबंध अंतराळातून येणाऱ्या किरणांशी जोडला.

८/२६
हे कारण १९७६ साली कोणाच्या ध्यानी आले नव्हते. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवले की, चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम व थोरियममधून निघणारे अल्फा कण स्मृतीतील अंक उलटवतात. पुढच्याच वर्षी आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठातील विल्यम लॅनफर्ड यांनी वैश्विक किरणांकडे बोट दाखवले. हे किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन उत्पन्न होतात, आणि जमिनीवर पोहोचलेला न्यूट्रॉन चिपमधील सिलिकॉनच्या अणूला धडकला की तेथील विद्युतभार विस्कटतो. चिपला कायमची इजा होत नाही. फक्त साठवलेली माहिती बदलते.

९/२६
स्मृतीतील चुकांवर हॅमिंग यांचा उपाय होता. पण वीज गेली, पंखा बंद पडला, डिस्क निकामी झाली, तर काय? त्यावरचा मार्ग म्हणजे चेकपॉइंट. गणित चालू असताना ठरावीक अंतराने त्याची संपूर्ण स्थिती डिस्कवर लिहून ठेवायची आणि यंत्र कोसळले तर शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात करायची. दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही वैज्ञानिक गणिताला याखेरीज गत्यंतर नव्हते. त्यातून लगेच दुसरा प्रश्न उद्भवला : ही नोंद किती वेळाने करावी?

१०/२६
नोंद वारंवार केली तर सारा वेळ लिहिण्यातच जातो. क्वचित केली तर बिघाडानंतर बरेच काम पुन्हा करावे लागते. १९७४ साली जॉन यंग यांनी याचे सुटसुटीत सूत्र दिले. नोंदीला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधील सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिचे वर्गमूळ काढायचे. नोंदीला ५ मिनिटे लागत असतील आणि बिघाड दर १० तासांनी होत असेल, तर उत्तर येते सुमारे ७७ मिनिटे. पुढे लॉस अलामोसचे जॉन डेली यांनी २००६ साली हे सूत्र अधिक नेमके केले.

११/२६
एका संगणकाची स्थिती टिपणे सोपे. शेकडो संगणकांची एकत्र स्थिती टिपणे कठीण. मनीऑर्डरचे उदाहरण घ्या. मुंबईहून १०० रुपये निघाले आहेत, पण गावी पोहोचलेले नाहीत. याच क्षणी दोन्ही टपाल कार्यालयांच्या वह्या तपासल्या, तर ते १०० रुपये कोठेच दिसणार नाहीत. संगणकांमधील संदेशांचेही तसेच होते. १९८५ साली के. मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी, काम न थांबवता वाटेतील संदेशांसह सुसंगत नोंद कशी घ्यावी, याची पद्धत सिद्ध केली. वितरित संगणनाच्या अभ्यासात ती आजही पायाभूत मानली जाते.

१२/२६
१९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. एका अवाढव्य यंत्राऐवजी अनेक साधी यंत्रे जोडण्याचा विचार पुढे आला. विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्नी यांच्या गटाने १९८८ साली कॉन्डॉर ही प्रणाली चालू केली. विद्यापीठातील कितीतरी संगणक रात्री आणि सुटीच्या दिवशी रिकामे असत. कॉन्डॉर त्यांच्यावर शास्त्रज्ञांची गणिते चालवी. मालक परत येऊन कळफलकावर बोट ठेवताच ते गणित तेथून हटवून, त्याची स्थिती नोंदवून, दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर नेले जाई. येथे बिघाड हा अपवाद नव्हता. यंत्र हातचे जाणे हीच रोजची रीत होती.

१३/२६
या विचाराची कसोटी जून २००० मध्ये लागली. ३० केंद्रे ३० जागी अशी बसवायची की त्यांच्यातील ये-जा कमीत कमी खर्चात व्हावी, असा एक प्रश्न १९६८ पासून अनुत्तरित होता. त्याचे नाव नग-३०. शक्य मांडण्यांची संख्या ३३ अंकी. कर्ट ॲन्स्ट्राइकर, नेथन ब्रिक्सियस, जाँ-पिएर गू आणि जेफ लिंडरॉथ यांनी कुशल गणिती छाटणी आणि कॉन्डॉर यांची सांगड घातली. सुमारे एका आठवड्यात उत्तर हाती आले, आणि त्या काळात एका वेळी कमाल १,००० हून अधिक संगणक राबत होते.

१४/२६
या आठवड्यात संगणक सतत येत-जात होते. त्यामुळे कामाची रचनाच निराळी केली गेली. एक मुकादम प्रक्रिया कामाचे तुकडे वाटे आणि कोणता तुकडा कोणाकडे आहे याची वही ठेवी. एखादा कामकरी संगणक नाहीसा झाला, तर त्याचा तुकडा दुसऱ्याला दिला जाई. मुकादमाची वहीदेखील वेळोवेळी डिस्कवर उतरवली जाई. तुकडे परस्परांवर अवलंबून नसल्यामुळेच हे जमले. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण विज्ञानातील सगळी गणिते अशी सुटी होत नाहीत.

१५/२६
सुट्या तुकड्यांची ही रीत १७ मे १९९९ रोजी घराघरांत पोहोचली. बर्कली येथील सेटी ॲट होम या प्रकल्पाने अरेसिबो दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संकेत स्वयंसेवकांच्या संगणकांवर तपासण्यास पाठवले. पुढे ५० लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले. अनोळखी संगणकावर विश्वास कसा ठेवावा? एकच तुकडा एकाहून अधिक लोकांकडे पाठवायचा आणि उत्तरे जुळली तरच ती मान्य करायची. फॉन नॉयमन यांचे बहुमत येथे जगभर पसरले होते. बिघडलेल्या यंत्रांप्रमाणेच मुद्दाम खोटी उत्तरे पाठवणारेही त्यात पकडले जात.

१६/२६
पुण्याशी जोडलेला धागा याच परंपरेत सापडतो. गुरुत्वीय लहरी शोधताना मोजमापातील गोंगाटाची तुलना संभाव्य लहरींच्या असंख्य नमुन्यांशी करावी लागते. या शोधपद्धतीचे पायाभूत काम आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकारंभी केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीच्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले. लायगोच्या विश्लेषणाची कामे ज्या प्रणालीने वाटली जातात ती म्हणजे कॉन्डॉरचीच आजची आवृत्ती, एचटीकॉन्डॉर. एखादा तुकडा फसला तर तो पुन्हा चालवला जातो. शोध थांबत नाही.

१७/२६
आता दुसऱ्या, अधिक अवघड प्रकाराकडे. २३ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेने आपली शेवटची अणुचाचणी केली. त्यानंतर अण्वस्त्रांचा साठा सुस्थितीत आहे की नाही, हे प्रत्यक्ष स्फोटाविना ठरवणे भाग पडले. त्यासाठी प्रचंड महासंगणक उभारण्याचा कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला. या गणितांत प्रत्येक तुकडा क्षणोक्षणी शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. मुकादमाची वही येथे कामाची नाही. शिवाय चुकीच्या उत्तराचे परिणाम काय होऊ शकतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१८/२६
या कार्यक्रमातील क्यू नावाचा महासंगणक लॉस अलामोस येथे उभा राहिला. त्यात २,०४८ जोड-संगणक होते आणि २००३ साली तो जगातील दुसऱ्या क्रमांकाचा गणला गेला. पण तो अपेक्षेहून अधिक वेळा कोसळू लागला. लॉस अलामोस समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वराहूनही बरेच उंच आहे. इतक्या उंचीवर डोक्यावरचे वातावरण विरळ असते आणि न्यूट्रॉनांचा मारा समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत अनेक पटींनी वाढतो. क्रे-१ च्या चुका ज्या डोंगरावर झाल्या, त्याच डोंगरावर पंचवीसेक वर्षांनी तोच प्रश्न परत आला.

१९/२६
शंका पडताळण्याची सोय त्याच प्रयोगशाळेत होती. तेथील कण-त्वरकातून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांच्या झोतात या जातीचा संगणक चालू स्थितीत ठेवला गेला, आणि किती वेळाने तो कोसळतो हे मोजले गेले. त्यावरून काढलेला अंदाज क्यूच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहण्यात आला. मुख्य दोषी ठरला स्मृतीचा एक छोटासा भाग : जलद साठ्यात कोणती माहिती आहे याची सूची. तिच्यावर फक्त पॅरिटी होती. चूक झाल्याचे कळे, पण ती सुधारता येत नसल्याने यंत्र थांबवण्याखेरीज उपाय नसे. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

२०/२६
त्याच सुमारास व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने एक धाडस केले. श्रीनिधी वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली १,१०० ॲपल पॉवर मॅक जी-५ संगणक जोडून सिस्टम एक्स उभारण्यात आला. खर्च सुमारे ५२ लाख डॉलर. हे संगणक रचण्यात विद्यार्थी स्वयंसेवकांचा मोठा हात होता. नोव्हेंबर २००३ च्या यादीत तो थेट क्यूच्या खाली, तिसऱ्या क्रमांकावर आला. पण या घरगुती संगणकांच्या स्मृतीत चुका सुधारण्याची सोय नव्हती. वरदराजन यांनी देजा व्हू नावाचे दोषसहिष्णु सॉफ्टवेअर विकसित केले होते; ते मूळ प्रोग्राम न बदलता चेकपॉइंट घेऊ शके.

२१/२६
तरीही एक अडचण उरतेच. कोसळलेले यंत्र चेकपॉइंटने पुन्हा उभे करता येते. पण स्मृतीतील अंक गुपचूप उलटला आणि कोणाला कळलेच नाही, तर चेकपॉइंटमध्येही तीच चूक जपली जाते. २००४ साली सिस्टम एक्समधील सर्व संगणक काढून त्यांच्या जागी चुका सुधारणारी स्मृती असलेले सर्व्हर बसवण्यात आले. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याने सातवा क्रमांक पटकावला. कोणता दोष सॉफ्टवेअरने पेलावा आणि कोणता यंत्राने, याची सीमारेषा या उदाहरणात स्पष्ट दिसते.

२२/२६
गुपचूप होणाऱ्या चुकांवर गणिताच्या आतूनच पहारा ठेवण्याची कल्पना १९८४ साली इलिनॉय विद्यापीठातील कुआंग-ह्वा ह्वांग आणि जेकब अब्राहम यांनी मांडली होती. जुन्या हिशेबनिसांची पद्धत आठवावी : तक्त्याच्या उभ्या व आडव्या बेरजा दोन्ही बाजूंनी जुळवायच्या. आकड्यांच्या सारणीला अशा बेरजांची एक ओळ व एक स्तंभ जोडला, तर सारण्यांचा गुणाकार केल्यावरही त्या बेरजा जुळायला हव्यात. न जुळणारी ओळ आणि न जुळणारा स्तंभ जेथे छेदतात, तेथे चूक सापडते, आणि बेरजेतील फरकावरून ती सुधारताही येते.

२३/२६
या साऱ्या धाग्यांची गाठ ब्लू जीन/एल या महासंगणकात पडली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील हे आयबीएमचे यंत्र २००७ साली वाढवून २,१२,९९२ प्रोसेसरांचे झाले. प्रत्येक प्रोसेसर संथ व कमी वीज खाणारा. सामर्थ्य संख्येत होते. मुख्य स्मृतीला चुका सुधारण्याचे संरक्षण होते, परंतु प्रोसेसरला अगदी लागून असलेल्या पहिल्या पातळीच्या साठ्याला केवळ पॅरिटीचे. एका प्रोसेसरसाठी ती चूक अत्यंत दुर्मीळ. दोन लाख प्रोसेसर एकत्र चालले की मात्र ती दीर्घ गणिताच्या वाटेत हमखास येणार. साठा सुरक्षित पद्धतीने वापरण्याची सोय होती, पण त्याने गणित मंदावत असे.

२४/२६
तेथील संशोधकांनी ही चूक यंत्राऐवजी स्वतःच्या प्रोग्रामनेच हाताळायची असे ठरवले. अणूंच्या हालचाली मोजणाऱ्या डीडीसीएमडी या त्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक अणूचे स्थान व वेग एवढे हाती असले की बाकी सारे पुन्हा काढता येते. म्हणून त्या माहितीची प्रत ठरावीक अंतराने स्मृतीतच राखली जाई. कोठेही पॅरिटीची चूक झाली की यंत्र बंद होण्याऐवजी तशी सूचना प्रोग्रामला मिळे. सर्व प्रोसेसर चालू पावले टाकून देत, राखलेल्या प्रतीकडे परतत आणि पुढे चालू लागत. डिस्कवरून सारे गणित नव्याने उभे करण्याची गरज उरली नाही.

२५/२६
साध्य काय झाले? वितळलेले तांबे आणि वितळलेले ॲल्युमिनियम एकमेकांवरून सरकले की त्यांच्या सीमेवर लाटा उठतात व भोवरे बनतात. वाऱ्याने ढगांच्या कडांवर उमटणाऱ्या लाटांमागेही हेच केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ अस्थैर्य असते. ते प्रथमच एकेका अणूपासून, मायक्रॉनच्या मापावर उभे राहताना पाहता आले. २ अब्ज अणूंच्या या गणिताला एकूण २.८ सहस्र प्रोसेसर-वर्षे लागली; त्यांतील १.५ सहस्र वर्षांहून अधिक काम एका सलग धावेत झाले. एकाच प्रोसेसरने ती धाव घेतली असती, तर अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांच्या सुमारास सुरुवात करावी लागली असती. सारे प्रोसेसर एकत्र धरले, तर ते साधारण अडीच दिवसांचे काम ठरते. या कार्याला २००७ चा गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला.

२६/२६
त्यानंतर लिव्हरमोरमध्येच विकसित झालेल्या एससीआर या सॉफ्टवेअरने नोंदींची पायरीरचना रूढ केली : वारंवार व स्वस्त नोंद जवळच्या स्मृतीत, तिची प्रत शेजारच्या संगणकावर, आणि क्वचितच मुख्य डिस्कवर. २०२२ साली ओक रिज येथील फ्रंटियर महासंगणकाने अधिकृत चाचणीत सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींची पातळी ओलांडली. त्यात ३७,००० हून अधिक ग्राफिक प्रोसेसर आहेत, आणि दोन बिघाडांमधील काळ आजही तासांतच मोजला जातो. हवामान, प्रथिने, तारे यांविषयीचे जे निष्कर्ष आज विश्वासाने स्वीकारले जातात, ते अशाच यंत्रांतून येतात. त्या विश्वासामागे हॅमिंग यांचे तपासअंक, यंग यांचे वर्गमूळ, चंडी-लॅम्पोर्ट यांची सुसंगत नोंद आणि कॉन्डॉरची पुन्हा काम वाटण्याची रीत आहे. क्रे-१ मधील १५२ चुकांचे कारण शोधायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली. त्या चुका थांबवणे कोणालाच शक्य नव्हते, त्या सोसून पुढे जाणे मात्र शिकता आले.